तिकिटाचा इसार

पंच्याऐंशी सालची विधानसभा तोंडावर आली तेव्हा आमच्या पक्षाला भोपाळात एकाएकी लोकशाहीची उबळ आली. या खेपेला उमेदवार वरून लादायचा नाही, मतदारसंघातल्या प्रतिनिधींनी गुप्त मतदान करून आपला माणूस निवडायचा, निरीक्षक फक्त पेटी उघडून आकडा घेऊन येईल, असं परिपत्रक निघालं. सौंसरच्या समितीचा चिटणीस मी, गजानन. चिटणीस व्हायला माझी पात्रता एवढीच की माझा छापखाना आहे, म्हणजे समितीला कागद फुकट मिळतो. ते परिपत्रक मी बैठकीत मोठ्यानं वाचलं आणि एकतीसही प्रतिनिधी असे गप्प झाले, जसं कोणी त्यांच्या नावावर जमीन करून दिली.

"मंग तिकीट आमीच देऊन राहिलो का?" रामाकोन्याच्या जयवंताबाईंनी विचारलं.

"हो. तुम्हीच."

"अन् भोपाळवाले काय करतीन?"

"आकडा नेतील."

जयवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. एकतिसांत त्या एकट्या बाई. विधवा, तीन एकर संत्र्याचा बगीचा, एक शिकणारी मुलगी. समितीत एक बाई पाहिजे असा नियम होता म्हणून त्यांना घेतलं, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्या पुरुषांना विड्या ओढायला बाहेर पाठवलं. तेव्हापासून आमच्या बैठका लवकर आटोपू लागल्या.

तिकीट कोणाला द्यायचं, हा खरं तर प्रश्नच नव्हता. बोरगावचे रघुनाथराव त्रेसष्ट वर्षांचे झाले होते. तीन वेळा त्यांनी तिकीट मागितलं होतं आणि तिन्ही वेळा पक्षानं त्यांच्या गळ्यात हार घालून त्यांना दुसऱ्याच्या प्रचाराला पाठवलं होतं. अलीकडे तर पत्रकात त्यांच्या नावामागे 'ज्येष्ठ' असं छापायला सांगत. ज्येष्ठ छापलं की माणसाचं काम संपलं, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. या खेपेला नाही तर मग कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

आमदार होऊन त्यांना करायचं होतं एकच. आमच्याकडे संत्रा मोजून विकतात. अडत्याचा माणूस बगीच्यात बसून पाच-पाच फळं उचलून बाजूला टाकतो, शंभर भरले की त्यावर बारा फळं आणखी घेतो. फळ सडतं, फुटतं, वाटेत माकडं खातात, अशी त्याला कारणं आहेत. त्यातलं माकड आजवर कोणी पाहिलेलं नाही. एकशे बाराला आमच्याकडे शंभर म्हणतात आणि आमच्या आजोबांच्या वेळेपासून म्हणत आले आहेत. रघुनाथरावांना विधानसभेत जाऊन एक कायदा करवून आणायचा होता की शंभर म्हणजे शंभर. त्यांच्या भाषणातही तेवढंच असायचं, त्यामुळे भाषणं आखूड होत आणि लोकांना आवडत.

लोकांना ते आवडायचं दुसरं कारण म्हणजे ते पंच होते. फळ लिंबाएवढं झालं की अडत्या बगीच्यात येतो, हजारी भाव ठरतो, तोडणीची तारीख ठरते आणि अडत्या शेतकऱ्याच्या उघड्या तळहातावर इसार ठेवतो. "जबान?" असं तो विचारतो, शेतकरी "जबान" म्हणतो. कागद नाही, सही नाही. नंतर दुसरा कोणी दुप्पट भाव घेऊन दारात उभा राहिला तरी बगीचा इसारवाल्याचा; तो तिसऱ्याला गेला तर मालकानं इसाराच्या दुप्पट भरायचं. अडत्या आपल्या चुकीनं तारखेला आला नाही तर इसार बुडाला आणि बगीचा मोकळा. कायदा एवढाच, पण त्यावरून भांडणं पुष्कळ, आणि पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंतची ती सगळी भांडणं रघुनाथरावांच्या ओसरीवर येत. सत्तावीस वर्षांत त्यांचा निवाडा कोणी मोडला नाही. निम्मे निवाडे तर शेतकऱ्याच्याच विरुद्ध जात. "हात पुढं कोनं केला होता?" एवढंच ते विचारत, आणि समोरचा मान खाली घाली.

शंभर म्हणजे शंभर झालं तर काय होईल, हे सगळ्यांत आधी दादारावांना मोजता आलं. दादाराव पांढुर्ण्याच्या अडत्यांच्या संघाचे अध्यक्ष. त्यांच्या संत्र्याचे डबे रेल्वेनं दिल्लीपर्यंत जात, आणि त्या प्रत्येक डब्यात आमची बारा-बारा फळं असत. संघानं ठरवलं की तिकीट आपल्या माणसाला मिळालं पाहिजे. माणूस घरातच होता. दादारावांचे जावई अरविंद सौंसरला वकिली करत. माणूस वाईट नव्हता. कोर्टात हरला तरी पक्षकाराला चहा पाजून घरी पाठवायचा. आमदारकीची हौस त्याला फारशी नव्हती, पण सासऱ्याला नाही म्हणायची सवयही नव्हती.

पैसा संघाकडे होता. पण पैशाचा अनुभव वाईट होता. मागे मंडीच्या निवडणुकीत संघानं भरपूर वाटलं होतं. लोकांनी ते खाल्लं, वर पान खाल्लं, आणि मत भलत्यालाच दिलं. लाचेची हीच पंचाईत आहे. लाच घेणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटत राहतं, मग तो मत दुसरीकडे टाकून पुन्हा चांगला होतो. दादारावांनी यावर बराच विचार केला असणार, कारण या खेपेला त्यांनी कोणालाच लाच दिली नाही. त्यांनी इसार दिला.

माझ्याकडे ते दुपारी आले. मी लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होतो.

"काय गजाननराव, तुमचा बगीचा केव्हा तुटते?" त्यांनी हसून विचारलं.

"माझा कुठला बगीचा, दादाराव? मी छापखानेवाला."

"मत आहे न एक. तोच बगीचा. मतदान वीस तारखेले आहे म्हनतात. मंग तोडनी वीस तारखेची धरा. हात करा."

आणि मी हात केला. माझे वडील बोरगावलाच बगीचा करत, लहानपणी दर वर्षी मी तो हात पुढे होताना पाहिला होता, त्यामुळे माझा हात माझ्याआधी पुढे झाला. हे लिहितानाही मला माझा संताप येतो. लाच म्हणून पाकीट सरकवलं असतं तर मी उठून उभा राहिलो असतो, निदान दोन वाक्यं तरी बोललो असतो. तळहातावर पाचशे एक रुपये पडले. दादारावांनी विचारलं, "जबान?" आणि मी म्हणालो, "जबान."

आठ दिवसांत तीस जणांचे हात असेच पुढे झाले. उरले एक रघुनाथराव, त्यांच्याकडे दादाराव गेलेच नाहीत. जयवंताबाई बाजाराच्या दिवशी छापखान्यात आल्या आणि खुर्ची असून खाली बसल्या.

"मी घेतला, गजाननभाऊ. हात पुढं झाला न, मले समजलंच नाही. पोरीची शिवनाची मशीन ठरवून ठेवली होती, तिले लावून बी टाकले."

"मीही घेतला," मी म्हणालो.

लोक चोरून घेतात ते लपवतात. इथं उलट झालं. इसार लपवायची चीज नसते, म्हणून जो तो रघुनाथरावांकडे जाऊन सांगून आला. सौंसरच्या बाजारात भाजी घेताना त्यांना लोक गाठत आणि म्हणत, "भाऊ, मन तुमच्याकडंच आहे, पन इसार घेऊन बसलो." कोणी म्हणे, "वापस करून टाकू का?" रघुनाथराव वांगी निवडता निवडता उत्तर देत, "इसार वापस कधी होते का? घेतला न, मंग झालं." मी स्वतः हे ऐकलं आहे. मलाही त्यांनी हेच सांगितलं, वर दोन वांगी माझ्या पिशवीत टाकली.

घरी त्यांच्या बायकोनं, लीलाबाई काकूंनी, मात्र तोंड सोडलं. "सत्तावीस वर्सं गावाले इमानदारी शिकवली न, आता ते शिकले," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या. रघुनाथराव हसले. ते हसणं काही मला बरं वाटलं नाही.

निरीक्षक अठरा तारखेला सौंसरच्या रेस्ट हाऊसवर उतरले. ग्वाल्हेरकडचे गृहस्थ, अंगानं भरलेले, खाण्याचे शौकीन. एकोणीस तारखेला अरविंदांच्या घरी सगळ्या प्रतिनिधींना जेवण होतं. पाटवडीचा रस्सा होता आणि त्यावर बोटभर तर्री. आम्ही लहानपणापासून ते खातो, आमची पोटं त्यावरच घडली आहेत. निरीक्षकांनी पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्या घासाला वाहवा केली आणि मग पाच वाट्या घेतल्या. वीस तारखेच्या सकाळी त्यांना जीपमध्ये आडवं घालून छिंदवाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून निरोप आला की जीव वाचला आहे, मतदान पुढच्या रविवारी, सत्तावीसला.

एकवीस तारखेला पहिल्यांदा जयवंताबाईंच्या लक्षात आलं. त्या पहिल्या बसनं माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तारीख गेली."

"कसली तारीख?"

"इसाराची. वीस तारखेची तोडनी होती न. झाली का? नाही झाली. मंग इसार बुडाला का नाही?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तीसही जणांना कळली. रस्त्यानं जाता-येता लोक एकमेकांकडे बघून हसत होते. सुट्टी मिळाल्याचा असा आनंद मी शाळेच्या पोरांच्याच तोंडावर पाहिला आहे. पण एकाचीही आपल्या मनानं ठरवायची हिंमत होईना. इसार बुडाला की जिता आहे हे पंचानं सांगायचं असतं. आणि पंच एकच होता.

दुसऱ्या कोणाला विचारू या, असं मी म्हटलं. "त्याचं कोन आयकते?" असं सगळ्यांनी मला झटकलं. पांढुर्ण्याला दादारावांकडे निरोप गेला, तर त्यांचंही उत्तर तेच आलं: रघुनाथभाऊ म्हणतील ते मान्य. ज्या माणसाचं तिकीट काढून घ्यायला संघानं पंधरा हजारांवर रुपये मोजले, त्याच्याच ओसरीवर न्याय मागायला संघ तयार होता. याला विश्वास म्हणायचं की सावज ओळखणं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असेल.

तेवीस तारखेला दुपारी बोरगावला सगळे जमले. ओसरी पुरेना म्हणून अंगणात सतरंज्या टाकल्या. रघुनाथराव खांबाला टेकून बसले आणि आधी हात जोडले.

"मी यात बसत नाही. यात माहाच फायदा-नुकसान आहे."

"तुमच्याशिवाय कोनावर भरोसा नाही, भाऊ," दादाराव म्हणाले. खाली बसलेल्या तीस जणांनी माना डोलावल्या. संघ आणि शेतकरी यांचं एकमत झालेलं मी माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

जयवंताबाईंनी आमची बाजू मांडली, आणि चांगली मांडली. साहेब आजारी पडले म्हणून मतदान हुकलं. साहेब आजारी कशानं पडले? रश्शानं. रस्सा कोणाच्या घरचा? अरविंदबाबूंच्या. म्हणजे गिऱ्हाइकाच्याच चुकीनं तारीख हुकली, इसार बुडाला, बगीचा मोकळा.

अंगणात समाधानाची कुजबुज झाली. माझाही जीव भांड्यात पडला. मी मनातल्या मनात माझं मत रघुनाथरावांना देऊनही टाकलं.

दादाराव शांतपणे म्हणाले, "रस्सा आमचा होता, कबूल. पन पोट त्यायचं होतं. पन्नास मानसं जेवली. एकाले तरी काही झालं का?"

रघुनाथराव जयवंताबाईंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "जयवंता, तू जेवली होती का तिथं?"

"हव."

"किती वाट्या रस्सा घेतला?"

"तीन."

"तुले काही झालं?"

जयवंताबाईंच्या लक्षात आलं की आपलं चाललं कुठं आहे. त्या थोडा वेळ सतरंजीचा धागा उपटत राहिल्या. "नाही झालं," त्या शेवटी म्हणाल्या. खोटं बोलता आलं असतं, पण त्या ओसरीवर खोटं बोलायची रीत नव्हती, आणि ती रीत ज्यानं पाडली तोच समोर बसला होता.

रघुनाथराव पाणी प्यायला आत गेले. आतून लीलाबाई काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "सांगून टाका न, बुडाला म्हनून. येवढा एक डाव सांगा. मी काही मागत नाही कधी." मग पेल्याचा आवाज आला. अंगणात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

बाहेर येऊन ते बसले नाहीत. उभ्यानंच निवाडा दिला. आजार देवाचा, गिऱ्हाइकाचा नाही. गिऱ्हाईक वीस तारखेला तोडणीला तयार होतं. इसार जिता आहे. "ज्यानं हात पुढं केला त्यानं जबान पाळावी," असं म्हणून ते चपला घालून बगीच्याकडे निघून गेले.

मी मागोमाग गेलो. ते विहिरीच्या काठावर बसले होते. "काकाजी," मी म्हटलं, "इसार बुडाला म्हटलं असतं तरी दादाराव काही बोलू शकले नसते. दोन्हीकडून बोलता येत होतं."

"येत होतं," ते म्हणाले. "एकाहत्तर साली गारा पडल्या, तुले आठवत असन. अडत्या चार दिवस उशिरा आला. जयवंताच्या नवऱ्याले तवर दुसरा गिऱ्हाईक दीडपट भाव देऊन राहिला होता. तो माह्याकडे आला. मी म्हटलं, गारा देवाच्या, इसार जिता आहे. तो काही न बोलता दीडपट सोडून घरी गेला. आता आज मी त्या साहेबाची पोटदुखी अरविंदाच्या अंगावर टाकली असती, तर त्या मेलेल्या मानसाचं दीडपट मी खाल्लं म्हनून समज."

थोड्या वेळानं ते आपणच म्हणाले, "मले आमदार व्हायचं होतं, गजानन. लई व्हायचं होतं." आणि त्यांनी तोंड फिरवून विहिरीत पाहिलं. मला त्या वेळी दादारावांचा राग आला नाही. मला स्वतःच्या उजव्या हाताचा राग आला.

सत्तावीस तारखेला सौंसरच्या धर्मशाळेत मतदान झालं. निरीक्षक आठवडाभर खिचडीवर होते, त्यांचा कोट अंगावर लोंबत होता. एकेक प्रतिनिधी पडद्यामागे जाई, चिठ्ठी टाकी आणि डोळे पुसत बाहेर येई. बोरगावचा एक म्हातारा प्रतिनिधी तर हुंदका देऊन रडला. निरीक्षकांनी पुष्कळ निवडणुका पाहिल्या होत्या, पण मत देताना रडणारी माणसं पाहिली नव्हती. त्यांनी अरविंदांचा हात धरला आणि सद्गदित होऊन म्हणाले, "वकीलसाब, इतना प्रेम हमने कहीं नहीं देखा." अरविंदांनी खाली मान घातली.

पेटी उघडली. अरविंद तीस, रघुनाथराव एक. ते एक त्यांचं स्वतःचं. आकडा मीच फळ्यावर लिहिला, चिटणीस म्हणून. मग तीसही जण रांगेनं जाऊन रघुनाथरावांच्या पाया पडले, आणि ते प्रत्येकाला "बरं केलं, जबान पाळली" असं म्हणत राहिले. निरीक्षक आकडा घेऊन भोपाळला गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या पेपरात यादी आली. सौंसरच्या पुढे अरविंदांचं नाव नव्हतं. जे नाव होतं ते आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की गृहस्थ तिकडे नर्मदेपलीकडचे, दारूच्या ठेक्यांचे मोठे ठेकेदार, आणि ठेकेदारांच्या संघानं भोपाळात त्यांच्यासाठी जोर लावला होता. सौंसर कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी स्टेशनवर विचारलं असंही पुढे ऐकलं. आमचा आकडा भोपाळला पोचला होता. तो वाचून फाइलीत नीट लावून ठेवला होता, याची पावतीसुद्धा मला आली.

दादारावांचा संताप मी कधी विसरणार नाही. ते पांढुर्ण्याहून तडक बोरगावला आले आणि त्यांनी तीसही जणांना बोलावून घेतलं. पुन्हा तेच अंगण, त्याच सतरंज्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इसार आम्ही दिला, बगीचा गेला तिसऱ्याला. असं झालं तर मालकानं दुप्पट भरपाई द्यायची, असा रघुनाथभाऊंचाच कायदा आहे. तीस गुणिले एक हजार दोन, आत्ताच्या आत्ता.

"आमी काय गुन्हा केला?" जयवंताबाई उसळल्या. "आमी जबान पाळली. तीस मतं तोडून तुमच्या डालीत टाकली. आता डाली भोपाळवाल्यानं पळवली तर आमी काय करावं?"

दोन्ही बाजू बोलून थकल्या. रघुनाथराव अंगणातल्या माणसांकडे एकेक करून पाहत होते, जसं आज पहिल्यांदाच पाहत असावेत. मग म्हणाले, "दादाराव, तुमी तीस वर्सं झाली बगीचे घेऊन राहिले. नव्या गावात इसार द्याले गेले म्हनजे पयले काय विचारता?"

"भाव."

"त्याच्या बी आधी."

दादारावांनी उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर आलं होतं, म्हणूनच दिलं नाही.

"बगीचा कोनाचा, हे विचारता," रघुनाथराव म्हणाले. "झोपडीत जो बसला असते त्याच्या हातावर तुमी इसार ठेवत नाही. तो राखनदार असते. या खेपेले तुमी राखनदाराच्या हातावर ठेवला. मालक भोपाळात बसला होता. मालकाले न विचारता दिला ही तुमची चूक, तुमाले दुप्पट भेटनार नाही. बगीचा आपला नसता हात पुढं केला ही यायची चूक. याईनं पाचशे एक वापस करावे. झाला फैसला."

"आमी राखनदार?" मागून कोणीतरी विचारलं. आवाजात राग नव्हता, खात्री करून घेतल्यासारखा प्रश्न होता.

"मी बी," रघुनाथराव म्हणाले. "तुमाले बगीचा मागत होतो न मी. अन् सगळ्यात मोठी चूक माही. त्या दिवशी मी रश्शाच्या वाट्या मोजत बसलो. बगीचा कोनाचा, हा सवाल पंचानं विचारायचा होता, अन् तो मी विचारला नाही."

मग पैसे परत करणं सुरू झालं. कोणी तिथंच दिले, कोणी आठ दिवस मागून घेतले. मी माझे दिले तेव्हा दादारावांनी न बघता खिशात घातले. मला वाटलं होतं की ते परत केले की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. अरविंद तेवढे अंगणाच्या कोपऱ्यात हलके होऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची कोर्टात तारीख होती आणि ते कागद वाचत होते.

शेवटी जयवंताबाई उठल्या. निवाडा कसाही लागो म्हणून शिवणाची मशीन त्यांनी सकाळीच विकली होती. त्यांनी पाचशे एक रुपये दादारावांच्या समोर सतरंजीवर ठेवले, पण परत जाऊन बसल्या नाहीत. रघुनाथरावांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पैशाचा फैसला झाला, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी पडद्याच्या मागं मी तुमचं नाव सोडून दुसऱ्याचं नाव टाकलं. तुमीच म्हटलं होतं, जबान पाळा. आता ती जबानच खोटी निघाली, तर ते मत मले वापस कोन देते?"

आत काकूंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आम्ही सगळे रघुनाथरावांकडे बघत राहिलो, कारण त्या ओसरीवर उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

"विचार करून सांगतो, बाई," ते म्हणाले.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले, इसाराचे निवाडेही करत राहिले. जयवंताबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. मीही त्या उत्तराची वाट बघत होतो, कारण तसंच एक मत मीही टाकलं होतं.